काका, लास्ट प्राइस काय?

फोटोग्राफीचा नाद लागलेल्या माणसाचं एक कपाट हळूहळू भरत जातं. फिल्मचे कॅमेरे, हौसेने घेतलेली आणि फारशी न लावलेली झूम लेन्स, दोन ट्रायपॉड, फ्लॅश, आणि कुठला चार्जर कशाचा हे न कळणारा वायरींचा गुंता. माझं घर ठाण्यात, खाडीच्या दमट हवेत. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरायला इथे एक पावसाळा पुरतो. म्हणून वापरात नसलेलं ऑनलाइन विकायला लागलो. मग त्या पैशांतून दुसऱ्या कुणाची जुनी वस्तू घ्यायची, मन भरेपर्यंत वापरायची, पुन्हा विकायची, असा हा दुसराच छंद जडला. मी सीए नाही. करांबद्दल खाली जे लिहिलंय ते आमच्या सीएला विचारून आणि स्वतःच्या विवरणपत्रात भरून झालेलं आहे.

१. करखात्याचा पहिला प्रश्न "कितीला विकलं" हा नसतो.

आमची सीए म्हणजे मित्राची मुलगी. तिच्यापुढे विक्रीची यादी ठेवली तेव्हा तिने आकड्यांकडे बघितलंच नाही. एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत विचारत गेली, "काका, ही कशासाठी घेतली होतीत? वापरायला की विकायला?"

आयकराचं निम्मं गणित या प्रश्नात आहे. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या वापरातली जंगम वस्तू, म्हणजे कपडे, फर्निचर, मिक्सर, सायकल, कॅमेरा, ही आयकर कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच नव्हे. ती विकून चार पैसे सुटले तरी भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जुना कॅमेरा नफ्यात जातो कुठे, असं कुणी विचारेल. जातो. तरुण पोरांना फिल्मचं वेड पुन्हा लागल्यापासून निकॉन एफएम२सारखे यांत्रिक शटरचे कॅमेरे मूळ बिलापेक्षा जास्त भावाने जाताना मी पाहिलेत. उलट बाजूही लक्षात ठेवायची. सव्वा लाखाची डिजिटल बॉडी पाच वर्षांनी पस्तीस हजारांना गेली, तर मधले नव्वद हजार तोटा म्हणून शेअरच्या नफ्यातून वजा करता येत नाहीत. नफा मोजायचा नाही, मग तोटाही मोजायचा नाही.

या सवलतीतून दागिने, पुरातत्त्वीय संग्रह, चित्रं, शिल्पं आणि एकूणच कलाकृती बाहेर काढल्या आहेत. शिवाय "वैयक्तिक वापर" या शब्दांना न्यायालयाने चांगलंच घासून पाहिलंय. धोलपूरच्या राजघराण्याने सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी विकल्या आणि हे सगळं महालक्ष्मीच्या पूजेत मांडायचं, म्हणून घरगुती वापराचं, असं सांगितलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. वस्तूचा माणसाच्या रोजच्या वापराशी जवळचा संबंध हवा, वर्षातून एकदा पूजेला काढली म्हणून ती वापरातली होत नाही. आता हे डोक्यात ठेवून आपल्याकडच्या सीलबंद खोक्यातल्या, भाव चढेल म्हणून जपून ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे पाहा. त्याने काढलेले फोटो दाखवा म्हटलं तर काय दाखवणार? नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे आकडे बदलले, पण ही तरतूद तशीच ठेवली आहे.

२. विकण्यासाठी घेतलेली एकच वस्तूसुद्धा धंदा ठरू शकते.

मी वर्षाला चार वस्तू विकतो, मला कोण विचारतो, असं आमच्या कॅमेरेवाल्यांच्या ग्रुपमधले बरेच जण म्हणतात. पण संख्येचा इथे संबंध कमी. वेंकटस्वामी नायडू आणि कंपनीच्या खटल्यात, १९५८ मध्ये, गिरणीशेजारची जमीन घेऊन, तिच्यावर काहीही न करता, काही वर्षांनी ती गिरणीलाच विकल्याचा व्यवहार होता. घेतानाच विकण्याचा हेतू होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो नफा धंद्याचा धरला. तेव्हा मुंबईच्या बोरा बाजारात हजाराला मिळालेली लेन्स पुसूनपासून पंधरा दिवसांत तीन हजारांना काढली, तर ते दोन हजार धंद्याचं उत्पन्न आहे. पगाराच्या विवरणपत्रात ते गिळून टाकायचं नाही.

घाबरण्यासारखं मात्र यात काही नाही. छोट्या धंद्यासाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवायचं, वह्या ठेवण्याची सक्ती नाही. वर्षात एक लाख ऐंशी हजारांची विक्री सगळी यूपीआयने झाली, तर किमान उत्पन्न १०,८०० रुपये. खरी कमाई जास्त असेल तर जास्त दाखवायची. त्रास काय तो फॉर्मचा. पगारदाराचा नेहमीचा सोपा फॉर्म सोडून "सुगम" भरावा लागतो. मी दोन याद्या ठेवतो, एक "घरातलं" आणि दुसरी "घेतलं-विकलं". वस्तू घेतली त्याच दिवशी तिची यादी ठरते, नंतर सोयीने इकडची तिकडे करायची नाही.

३. जीएसटीच्या नावाने रडायच्या आधी आपण त्यात बसतो का ते बघावं.

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवर १८ टक्के कर हा निर्णय बाहेर आला. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, आता स्वतःची जुनी गाडी तोट्यात विकली तरी सरकारला पैसे द्यायचे, असे संदेश फिरत होते. खरं तर तो कर नोंदणीकृत विक्रेत्याने आपल्या नफ्याच्या फरकावर भरायचा. घरच्या माणसाने घरची गाडी विकली तर काही नाही. त्याआधी जुलै २०१७ मध्ये घरचं जुनं सोनं सराफाला विकण्यावरून असाच गोंधळ झाला आणि सरकारला लगोलग खुलासा करावा लागला. दोन्हीमागचं तत्त्व एकच, जीएसटी लागतो तो धंद्याच्या ओघात केलेल्या विक्रीला. कपाट रिकामं करणं हा धंदा नव्हे.

"घेतलं-विकलं"वाल्यांनी मात्र पुढचं वाचावं. वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची. आपल्यासारख्याला ती दिसणारही नाही. पण ही मर्यादा राज्याच्या आतल्या विक्रीसाठी आहे. धंदा म्हणून घेतलेली लेन्स पणजीला किंवा बेळगावला पाठवलीत की तो आंतरराज्य पुरवठा झाला, आणि त्याला नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. ठाण्याहून नागपूर चालतं, कुरिअरला आठशे किलोमीटर लागले तरी. ठाण्याहून बेळगाव नाही. सीमाप्रश्नाचा हा जीएसटी-अवतार मला अजून पचलेला नाही, पण कायदा तो आहे.

दुसरा फरक ॲपच्या प्रकाराचा. काही ॲप नुसती जाहिरात दाखवतात, पैसे आपण समोरासमोर घेतो. काही ॲप पैसे स्वतः गोळा करून मग आपल्याला देतात. दुसऱ्या प्रकारात आयकराची कपात येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आलाय, आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची विक्री वर्षाला ५ लाखांच्या आत असेल तर तीही नाही. अशा ॲपवर धंदा म्हणून विकायचं तर पूर्वी जीएसटी नोंदणी सक्तीचीच होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत विकणाऱ्या छोट्यांना त्यातून मोकळं केलं, फक्त पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

कुणी नोंदणी केलीच, तर जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला एक चांगला नियम आहे. खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर कर फक्त फरकावर. २२ हजारांना घेतलेला कॅमेरा २७ हजारांना विकला तर पाच हजारांवर १८ टक्के, म्हणजे ९०० रुपये. तोट्यात गेला तर शून्य.

जुलै २०२५ मध्ये बंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमांवरून नोटिसा गेल्या आणि तिथल्या टपऱ्यांवरून क्यूआर कोड उतरले, तेव्हा आमच्या ग्रुपमध्येही "आता रोखीतच घ्या" सुरू झालं होतं. मला तो सल्ला पटत नाही. यूपीआयच्या नोंदीत कोणी, कधी, किती दिले हे लिहिलेलं असतं. उद्या कुणी विचारलं तर तीच नोंद कामाला येते.

४. भाचा न्यू जर्सीत आहे, तोही जुने स्पीकर विकतो. तिकडे ॲपने वर्षाचा आकडा थेट करखात्याला कळवायची मर्यादा ६०० डॉलरपर्यंत खाली आणायचा कायदा २०२१ मध्ये झाला, अंमलबजावणी वर्षानुवर्षं पुढे ढकलली, आणि २०२५ च्या जुलैत पुन्हा जुनी २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ही मर्यादा आणली. एवढ्या काळात बिचाऱ्याने प्रत्येक खोक्याची पावती स्कॅन केली. तिथे घरची वस्तू नफ्यात विकली तर कर लागतो आणि तोटा मात्र वजा होत नाही. आपल्याकडे बरं आहे, असं म्हणायची संधी क्वचित मिळते, म्हणून लिहून ठेवलं.

५. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याचा कॅमेरा घरचा राहत नाही.

आमच्यातले काही जण हौस म्हणून सुरुवात करतात, मग मुंज, साखरपुडा, बारसं, आणि विवरणपत्रात फोटोग्राफीचं उत्पन्न दाखवून कॅमेऱ्यावर १५ टक्के घसारा घेतात. तो कॅमेरा विकताना पहिल्या कलमातली सवलत विसरायची. विक्रीची रक्कम घसाऱ्याच्या गटातून वजा होते, आणि गटाच्या शिल्लक किमतीपेक्षा जास्त आली तर वरच्या रकमेवर अल्पकालीन भांडवली नफा. एकदा घसाऱ्याचा फायदा घेतला की तीच वस्तू घरची म्हणून सांगता येत नाही.

६. बिल जपा. बिल नसेल तर बिलाच्या जागी काहीतरी तयार करा.

जुन्या वस्तूला बिल नसणं हे इतकं नेहमीचं आहे की घेणाराही विचारत नाही. विचारायला हवं. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं मानायला सबळ कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि कॅमेरे-लेन्स चोरीला जाणं नवलाचं नाही. मी घेताना सीरियल नंबरचा फोटो काढतो. मग अर्ध्या पानावर "अमुक कॅमेरा, अमुक नंबर, एवढ्या रुपयांना विकला" असं लिहून समोरच्याची सही घेतो, खाली यूपीआयचा व्यवहार क्रमांक. विकताना तसंच अर्धं पान मी देतो. पोरं हसतात, "काका, कोर्टात जायचंय का?" पण सही करतात. जुना मोबाइल घेत असाल तर संचार साथी पोर्टलवर आयएमईआय तपासा. त्याला मिनिट लागतं.

७. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आपण जवान आहोत, बदली झालीय, वस्तू न बघताच घेतो, असं सांगणारा फोन जाहिरात टाकल्यावर हमखास येतो. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही येतं. सैन्याची पैसे देण्याची पद्धत वेगळी असते, तुम्ही हा कोड स्कॅन करा, म्हणजे पैसे येतील, असं तो सांगतो. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला "पैसे द्या" अशी विनंती पाठवणं यूपीआयवर बंद झालं, तरी कोडची युक्ती चालूच आहे. दुसरा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा. "चुकून पाचशेच्या जागी पाच हजार गेले, साडेचार परत पाठवा" हा तिसरा. एसएमएसवर विसंबू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. फसलाच असाल तर १९३० ला लगेच फोन. तासांचा फरक पडतो.

८. खातं गोठतं, तेव्हा आपण काहीच वाईट केलेलं नसतं.

हा त्रास अनेकांना ठाऊक नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नऊ हजारांना फ्लॅश विकला. घ्यायला आलेला मुलगा एक, पैसे आले वेगळ्याच नावावरून. "मित्राच्या खात्यातून पाठवतो," एवढंच तो म्हणाला होता. काही आठवड्यांनी याच्या खात्यातले नऊ हजार अडकलेले दिसले. बँकेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून रक्कम रोखली आहे. तिकडे कुणाची तरी फसवणूक झाली, त्याने तक्रार केली, आणि त्याचे पैसे ज्या-ज्या खात्यांतून फिरले त्या सगळ्या साखळीवर रोख लागली. फ्लॅश विकणारा हा त्या साखळीतला शेवटचा. शाखेने त्याला एक तक्रार क्रमांक आणि एक ईमेल दिला. त्यावर पाठवायला त्याच्याकडे जाहिरातीचा फोटो, बोलण्याचे संदेश आणि सीरियल नंबर होता, म्हणून निदान सांगण्यासारखं काही तरी होतं. तरी महिनोन् महिने गेले. बरं, इथे नऊ हजारच अडकले. काही वेळा पूर्ण खातं थांबवतात, आणि पगार त्याच खात्यात येत असेल तर घराचा हप्ताही उडतो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. या व्यवहारांसाठी वेगळं बचत खातं, ज्यात चार-पाच हजारांवर काही ठेवत नाही. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव व पैसे पाठवणाऱ्याचं नाव जुळलं नाही, तर वस्तू परत पिशवीत. "बाबांच्या खात्यातून" असेल तर आडनाव तरी जुळतं का ते बघतो आणि बाबांशी फोनवर बोलतो. याने काही गिऱ्हाइकं जातात. जाऊ देत.

९. भेटायचं ते स्टेशनवर, दिवसाउजेडी.

ठाणे स्टेशनबाहेर सॅटिस पुलाच्या खाली माझी ठरलेली जागा आहे. बदलापूरहून एक मुलगा ५० मिमी लेन्स बघायला आला होता, पाठीवर कॉलेजची सॅक. मी कितीतरी माणसं लेन्स हातात घेऊन नुसती पुढून फुंकर मारताना पाहिलीत. याने आधी मागचं झाकण काढलं, छिद्राच्या पाती पूर्ण उघड्या केल्या आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरून काचेतून पाहिलं. लोकलमधून उतरणारी गर्दी आम्हाला वळसा घालून जात होती.

"काका, हा काय डाग?"

"धूळ आहे. बुरशीला बारीक धाग्यांसारखे फाटे फुटतात. बघ, फुटलेत का?"

त्याने पुन्हा तिरकं धरून पाहिलं. मग पाती उघडझाप केल्या, त्यांच्यावर तेल आलंय का ते बघितलं, लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावली आणि समोरच्या रिक्षांच्या नंबरप्लेटचे दहाएक फोटो काढून मोठे करून पाहिले. मग म्हणाला, "घेतो." भावाबद्दल एक शब्द नाही. असं गिऱ्हाईक मिळालं की मी फिल्टर फुकट देतो.

दोष आधीच लिहून टाकायचे, फोटोसकट. रबर सैल, हुड तडकलेलं, ऑटोफोकस अंधारात अडखळतो. लपवलेल्या दोषाचे फोन रात्री अकरानंतर येतात.

१०. कुरिअर.

काउंटरवरचा माणूस हमखास सांगतो, "नॉट फॉर सेल, पर्सनल यूज असं लिहा ना." विकलेल्या वस्तूवर "विक्रीसाठी नाही" कशाला लिहायचं? मी "जुनी, वापरलेली वस्तू, एवढ्या रुपयांना विकली" असं लिहितो आणि खरीच किंमत टाकतो. कमी किंमत लिहून काही रुपये वाचतात, पण पार्सल फुटलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीवर मागावी लागते. खोक्यात खोकं, मध्ये चारही बाजूंनी दोन बोटं जागा भरून. पॅक करतानाचा व्हिडिओ, सीरियल नंबर दिसेल असा. सुटी लिथियम बॅटरी विमानाने जाणाऱ्या पार्सलात घालायला बहुतेक ठिकाणी नकार देतात. मेमरी कार्ड तर कधीच देऊ नका. पुसलेले फोटो परत काढता येतात, आणि त्यात घरच्यांचे चेहरे असतात.

११. "लास्ट प्राइस काय?" याला उत्तर देऊ नये.

वस्तू बघितलेली नाही, काही विचारलेलं नाही, आणि पहिलाच संदेश हा. यांच्यातला एकही माणूस प्रत्यक्ष यायला निघालेला मी पाहिलेला नाही. "आल्यावर बोलू," एवढंच लिहितो. भाव ठरवताना आपण काय दिले होते हे विसरायचं. त्या आठवड्यात तीच वस्तू त्याच अवस्थेत कितीला जातेय तेवढंच बघायचं. आणि तासांचा हिशेब चुकूनही मांडायचा नाही. मी एकदा मांडायला घेतला होता, बायकोने कागद बघितला आणि म्हणाली, "यापेक्षा सोसायटीचे पाण्याचे टँकर मोजा, मानधन तरी मिळेल."

१२. न विकलं जाणारंही बरंच उरतं: मेलेले फ्लॅश, जुन्या कंपन्यांचे चार्जर, शटर अडकलेली बॉडी. अडकलेल्या बॉडीला दुरुस्तीवाले सुट्या भागांसाठी दोन-पाचशे देतात, विचारून बघावं. बाकीचं भंगारवाल्याला देण्यापेक्षा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावं, १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत त्याची साखळी ठरवून दिली आहे. फुगलेली बॅटरी मात्र या वस्तूंबरोबर एका पिशवीत टाकू नका. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी द्या, आणि देईपर्यंत उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका.